डीएफएसपी : तरुण वयात होणाऱ्या एका दुर्मीळ त्वचा-कर्करोगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर कित्येक वर्षे असलेली, न दुखणारी गाठ काढून घेतल्यावर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबेरन्स’ असे लिहून येते आणि घरातले सगळेच हबकतात. अशा रुग्णांकडून व त्यांच्या नातेवाइकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला या माहितीपेक्षा नेहमीच वरचढ मानावा.

१. डीएफएसपी म्हणजे नेमके काय? हा त्वचेचा कॅन्सर आहे की सार्कोमा?

दोन्ही बरोबर आहे. पूर्ण नाव लांबलचक असल्यामुळे डॉक्टरही डीएफएसपी असेच म्हणतात. ही गाठ त्वचेच्या आतल्या थरात सुरू होते आणि हळूहळू खालच्या चरबीत उतरते; तिच्या पेशी संयोजी ऊतींतल्या, म्हणजे शरीराच्या भागांना जोडून व आधार देऊन ठेवणाऱ्या ऊतींतल्या, पेशींसारख्या असल्यामुळे तिची गणना सार्कोमांमध्ये होते. १९२४ मध्ये डारिये आणि फेराँ या फ्रेंच डॉक्टरांनी तिचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी होफमान यांनी तिला आजचे नाव दिले. मेलानोमाशी किंवा उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या इतर कर्करोगांशी तिचा संबंध नाही, त्यामुळे ‘स्किन कॅन्सर’ असे शोधून वाचलेली बरीचशी माहिती येथे लागू पडत नाही, उलट विनाकारण घाबरवते.

या रोगाचा स्वभाव दोन वाक्यांत सांगता येतो. तो असतो त्याच जागी चिवटपणे पसरतो आणि अपुरा काढला तर त्याच जागी परत येतो. मात्र रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाण्याचे प्रमाण नेहमीच्या प्रकारात ५ टक्क्यांहून कमी आहे. दहा वर्षांनंतर या रोगापासून बचावलेल्यांचे प्रमाण मोठ्या नोंदींत ९९ टक्क्यांच्या आसपास आढळते.

२. तो किती दुर्मीळ आहे? माझे वय फक्त २६ आहे, मग मलाच कसा?

अमेरिकेतील नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण चार नवे रुग्ण सापडतात. बहुतेकांचे निदान २० ते ५० या वयात होते, त्यामुळे २६ हे वय या रोगासाठी अजिबात वेगळे नाही. निम्म्याच्या जवळपास गाठी छाती, पाठ, पोट, खांदा या भागांत असतात. त्याखालोखाल दंड व मांडी आणि मग डोके व मान. स्त्री-पुरुषांमधील प्रमाण जवळजवळ सारखेच आहे. त्याच नोंदींत कृष्णवर्णीयांमध्ये तो गोऱ्यांपेक्षा अधिक दिसतो, म्हणजे सावळ्या त्वचेला येथे कोणतेही संरक्षण नाही.

३. हा कशामुळे होतो? माझ्या खाण्यापिण्यात काही चुकले का? मुलांना होईल का?

खाण्यापिण्याचा, तंबाखूचा, ताणाचा किंवा उन्हात फिरण्याचा याच्याशी संबंध दिसलेला नाही. त्वचेतील एखाद्या पेशीत १७ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून दोन जनुके एकमेकांना जोडली जातात आणि पेशीला वाढीचा आदेश देणारे एक प्रथिन सतत तयार होत राहते. सुमारे ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या गाठीत हा बदल सापडतो. तो फक्त गाठीतल्या पेशींत असतो, बीजांडात किंवा शुक्राणूत नसतो, म्हणून तो मुलांकडे जात नाही आणि भावंडांच्या तपासण्याही लागत नाहीत.

जुन्या जखमेच्या, भाजल्याच्या किंवा लशीच्या वणावर ही गाठ उगवल्याच्या नोंदी आहेत, पण मार लागल्यामुळेच ती झाली असे सिद्ध झालेले नाही. ‘क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता’ असे अनेकजण सांगतात. बहुतेक वेळा मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष गेलेले असते, गाठ आधीपासूनच असते. एक अपवाद मात्र नोंदवायला हवा : एडीए या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेमुळे प्रतिकारशक्ती अत्यंत कमी असलेल्या मुलांत डीएफएसपी अधिक आणि कधी अनेक ठिकाणी आढळतो.

४. सुरुवातीला तो दिसतो कसा? केलॉईड (फुगून वाढलेला वण) किंवा चरबीच्या गाठीपासून वेगळा कसा ओळखायचा?

बहुधा तो एक सपाट, टणक चट्टा असतो, रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान. परदेशी पुस्तकांत त्याचा रंग गुलाबी वा लालसर लिहिलेला असतो. आपल्याकडच्या त्वचेवर तो बहुतेकदा तपकिरी, जांभळट किंवा आजूबाजूच्या त्वचेसारखाच दिसतो, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांना तो आधी कळतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच चट्ट्यावर एक-दोन उंचवटे येतात. काही तरुण रुग्णांत उंचवटा न येता त्वचा उलट आत ओढल्यासारखी, खोलगट होते. हा प्रकार सर्वांत जास्त निसटतो, कारण कोणी त्याला गाठ म्हणतच नाही.

चिमटीत धरून पाहिल्यावर काही गोष्टी कळतात. चरबीची गाठ त्वचेच्या खाली असते, मऊ लागते आणि वरची त्वचा तिच्यावरून सरकते. डीएफएसपीमध्ये त्वचा आणि गाठ एकजीव असतात. गाठ हलते ती त्वचेसकट हलते. केलॉईडला बहुधा मागचा इतिहास असतो, म्हणजे पुरळ, टोचणे, शस्त्रक्रिया वगैरे. त्याला खाज येते आणि तो एका टप्प्यानंतर बऱ्याचदा थांबतो. डर्मॅटोफायब्रोमा ही निरुपद्रवी गाठ बहुधा पायावर, एक सेंटीमीटरच्या आत असते आणि चिमटीत धरल्यावर तिच्यावर खळी पडते. तरीही हे ठोकताळे आहेत, निदान नव्हे. छातीवरचा ‘केलॉईड’ कोणत्याही जखमेशिवाय उगवला असेल आणि स्टेरॉइडची इंजेक्शने देऊनही एका बाजूने वाढतच असेल, तर पुढचे इंजेक्शन घेण्याआधी बायोप्सी मागावी.

५. गाठ सात-आठ वर्षांपासून आहे आणि दुखत नाही. मग ती साधीच असणार ना?

न दुखणे आणि जुनी असणे या दोन गोष्टींमुळेच या रोगाचे निदान उशिरा होते. तो इतका हळू वाढतो की रोज आरशात पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही. जुन्या फोटोंत तीच जागा शोधून पाहिली की फरक लक्षात येतो. वर्षानुवर्षे शांत असलेली गाठ अचानक भराभर वाढू लागली, तर ते अधिक आक्रमक रूपाकडे वळल्याचे लक्षण असू शकते (प्रश्न १५ पाहा). घाईगडबडीची आवश्यकता नसते, परंतु ‘दुखेल तेव्हा पाहू’ हा निर्णय येथे चुकीचा ठरतो.

६. बायोप्सी केली तर कॅन्सर पसरतो असे घरचे म्हणतात. सुईने तपासणी करून भागणार नाही का?

बायोप्सीमुळे डीएफएसपी पसरतो याला आधार नाही. बायोप्सी न करता गाठ काढून टाकल्याने मात्र खरोखर नुकसान होते, कारण मग सर्जन ती साधी समजून अगदी कडेकडेने कापतात आणि रोगाचे धागे आतच राहतात. सुईने पेशी ओढून केलेल्या एफएनएसी तपासणीत गाठीची रचना दिसत नाही, त्यामुळे या रोगात ती सहसा अपुरी पडते. त्वचेचा वरवरचा पापुद्रा खरवडून घेतलेला नमुनाही उपयोगाचा नाही. पंच बायोप्सी (गोल पात्याने घेतलेला तुकडा) असो वा लहानसा छेद, नमुना खालच्या चरबीपर्यंत गेला पाहिजे, कारण गाठीचे धागे चरबीत कसे शिरतात हेच निदानाचे मुख्य चिन्ह आहे. रिपोर्ट साधा आला पण डॉक्टरांना गाठीचे वागणे खटकत असेल, तर दुसऱ्यांदा खोल बायोप्सी करणे पूर्णपणे योग्य आहे.

७. रिपोर्टात ‘स्टोरीफॉर्म’, ‘सीडी-३४ पॉझिटिव्ह’, ‘मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

‘स्टोरीफॉर्म’ म्हणजे लांबट पेशी भोवऱ्यासारख्या फिरत गेलेल्या दिसणे. सीडी-३४ हा पेशीवरचा एक घटक आहे; तो विशेष रंगाने तपासतात आणि डीएफएसपीमध्ये तो बहुधा ठळकपणे दिसतो. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून रोग वाढला असे समजू नये, येथे तो फक्त ओळख पटवतो. सीडी-३४ इतर काही गाठींतही दिसतो, म्हणून पॅथॉलॉजिस्ट एस-१००, फॅक्टर तेरा-ए अशा आणखी काही तपासण्या जोडतात आणि त्या बहुधा निगेटिव्ह येतात.

‘मार्जिन इन्व्हॉल्व्ह्ड’ याचा अर्थ कापलेल्या कडेपर्यंत रोग पोहोचलेला आहे, म्हणजे तो अंगातही राहिलेला असण्याची दाट शक्यता आहे. पुढे काय करायचे ते प्रश्न ८ मध्ये दिले आहे. रिपोर्टात ‘फायब्रोसार्कोमॅटस’ हा शब्द आहे की नाही हे मात्र आवर्जून पाहावे. तो नसेल, तर ‘असा बदल आढळला नाही’ असे स्पष्ट लिहून मागण्यात काहीच गैर नाही. काही रिपोर्टांत ‘बेडनार ट्यूमर’ असे असते. पेशींमध्ये काळे रंगद्रव्य असलेला हा डीएफएसपीचाच प्रकार आहे आणि त्याचे उपचारही तेच आहेत.

८. चरबीची गाठ म्हणून छोट्या दवाखान्यात गाठ काढली आणि रिपोर्ट नंतर डीएफएसपीचा आला. आता काय करायचे?

बरेच रुग्ण याच वाटेने येतात, आणि येथून पुढेही रोग पूर्ण बरा होऊ शकतो. पहिली शस्त्रक्रिया भूल देऊन अर्ध्या तासात उरकलेली असते, टाके निघालेले असतात, वण छान भरलेला असतो आणि त्यामुळे ‘आता तर काहीच दिसत नाही, पुन्हा कशाला कापायचे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा रोग हरळीसारखा आहे : वरचे पाते खुडले तरी मातीखालून काशा, म्हणजे मुळ्या, हातभर पुढे गेलेल्या असतात. म्हणून कडा साफ नसतील, किंवा त्या साफ आहेत की नाही हे रिपोर्टात लिहिलेलेच नसेल, तर वणासकट ती जागा पुन्हा, या वेळी विचारपूर्वक, काढावी लागते. ती काही आठवड्यांत नियोजनपूर्वक केली तरी चालते. मात्र गाठ पुन्हा हाताला लागेपर्यंत थांबू नये, कारण परतून आलेला रोग काढताना पहिल्यापेक्षा अधिक ऊती गमवाव्या लागतात.

दुसऱ्या ठिकाणी जाताना ब्लॉक आणि स्लाईड सोबत न्याव्यात. गाठीचे तुकडे मेणात बसवून लहान प्लॅस्टिकच्या चौकटीत जपलेले असतात, तो ब्लॉक. त्याचे काचेवर घेतलेले पातळ काप म्हणजे स्लाईड. लेखी अर्ज केल्यावर प्रयोगशाळेतून ते मिळतात. ताब्यात घेताना चौकटीवर पेन्सिलीने किंवा छापून लिहिलेला क्रमांक रिपोर्टातल्या क्रमांकाशी जुळतो का ते तेथेच उभे राहून पाहावे, आणि उन्हाळ्यात ते बंद गाडीत ठेवून देऊ नयेत, कारण मेण मऊ पडते. जुन्या शस्त्रक्रियेचा कागद आणि गाठ काढण्याआधीचा मोबाइलमधला एखादा फोटो असेल, तर तोही सर्जनला मोलाचा ठरतो. गाठ नेमकी किती आणि कुठवर होती ते त्यातून समजते.

९. काढलेली गाठ तपासणीला पाठवलीच नव्हती. आता त्याच जागी पुन्हा टणक लागते आहे.

त्या जागेची खोल बायोप्सी करावी. शस्त्रक्रियेनंतरचा वण काही महिने टणक राहतो हे खरे, पण तो हळूहळू मऊ होत जातो. उलट कडेला नवा टणकपणा येत असेल तर वाट पाहू नये. अंगातून काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे, सलाइनच्या किंवा पाण्याच्या बाटलीत नव्हे. तपासणीचे काही पैसे वाचवण्यासाठी नातेवाईक ‘नको पाठवायला’ म्हणतात तेव्हा डॉक्टरांनी नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

१०. फिश चाचणी (गाठीतला जनुकांचा जोड शोधणारी तपासणी) सगळ्यांनाच करावी लागते का? ती निगेटिव्ह आली तर निदान चुकले का?

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र स्पष्ट असेल आणि सीडी-३४ ही ठळक असेल, तर या चाचणीशिवायही निदान पक्के मानले जाते. चित्र संदिग्ध असेल, रोग आक्रमक रूपात असेल किंवा इमॅटिनिब हे औषध (प्रश्न १६ पाहा) द्यायचे असेल, तेव्हा प्रश्न ३ मध्ये सांगितलेला जनुकांचा जोड आहे का हे पाहणे आवश्यक ठरते. ही चाचणी आधीच्या ब्लॉकवरच होते, पुन्हा तुकडा घ्यावा लागत नाही. निगेटिव्ह आली म्हणजे निदान चुकलेच असे नाही. थोड्या रुग्णांत त्याच कुळातल्या दुसऱ्या जनुकाचा जोड असतो आणि तो नेहमीच्या फिशमध्ये दिसत नाही. स्तनाच्या त्वचेवरील काही गाठींत असे आढळले आहे. अशा वेळी अधिक व्यापक जनुकीय तपासणी करता येते.

११. एमआरआय, सीटी, पेट स्कॅन, हे सगळे करावे लागेल का?

गाठ लहान आणि सुटी असेल, तर बहुधा नाही. मोठी, परतून आलेली किंवा डोक्या-मानेवरची गाठ असेल, तर ती स्नायूपर्यंत गेली आहे का हे पाहायला एमआरआय उपयोगी पडतो. छातीचा सीटी मुख्यतः आक्रमक प्रकारात किंवा वारंवार परतणाऱ्या रोगात करतात, कारण हा रोग दूर गेलाच तर सहसा फुप्फुसात जातो. साध्या डीएफएसपीसाठी सरसकट पेट स्कॅन करण्याची आवश्यकता नसते.

१२. गाठ दोन सेंटीमीटरची आहे आणि सर्जन तळहाताएवढा भाग काढायचा म्हणतात. एवढे खरेच आवश्यक आहे का?

हो, आणि त्यामागचे गणित समजून घेतले की धक्का कमी बसतो. गाठीपासून निघणारे बारीक धागे हाताला लागत नाहीत आणि एमआरआयमध्येही पूर्ण दिसत नाहीत. ते सगळ्या बाजूंना सारखे पसरत नाहीत, एका बाजूला अर्धा सेंटीमीटर तर दुसऱ्या बाजूला तीन, असेही असते. म्हणून रुंद छेदाच्या पद्धतीत गाठीच्या चारही बाजूंना साधारण २ ते ३ सेंटीमीटर निरोगी दिसणारी त्वचा आणि खाली स्नायूवरच्या आवरणापर्यंतचा सगळा थर काढतात. दोन सेंटीमीटरची गाठ अधिक दोन्ही बाजूंचे तीन-तीन, म्हणजे आठ सेंटीमीटर. तळहात येतो तो असा.

दुसरी पद्धत मोह्‌स शस्त्रक्रियेची. तिच्यात थोडा थोडा भाग काढून त्याची सर्व बाजूंची आणि तळाची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जेथे रोग दिसेल तेथेच पुढे कापतात. नेहमीच्या तपासणीत नमुन्याच्या कडेचे मोजकेच काप पाहिले जातात, येथे संपूर्ण कड पाहिली जाते. हाच खरा फरक आहे. मोह्‌सनंतर रोग परतण्याचे प्रमाण १ ते ३ टक्क्यांच्या घरात आहे; रुंद छेदानंतर ते त्याहून अधिक असते आणि अपुऱ्या छेदानंतर तर कितीतरी अधिक. चेहरा, डोके, मान अशा जागी, जेथे एकेक मिलीमीटर मोलाचा असतो, तेथे मोह्‌सचा फायदा मोठा आहे. भारतात ही सोय मोजक्या ठिकाणी आहे. पण पाठीवरच्या किंवा पोटावरच्या गाठीसाठी अनुभवी कर्करोग-सर्जनने केलेला रुंद छेद आणि पॅथॉलॉजिस्टने सर्व कडांची केलेली बारकाईची तपासणी हा उत्तम उपचार आहे. मोह्‌स मिळाली नाही म्हणून उपचार दुय्यम झाला, असे मनात ठेवू नये.

१३. मोठी जखम राहील, मग त्याच वेळी प्लॅस्टिक सर्जरी का करत नाहीत?

कडा साफ असल्याचा अंतिम रिपोर्ट येण्याआधी शेजारची त्वचा सोडवून फिरवून आणली, तर मागे राहिलेला रोग नव्या जागेत ओढला जाऊ शकतो आणि पुढे कोणती कड कुठली होती हेच कळेनासे होते. त्यामुळे अनेक सर्जन जखम काही दिवस ड्रेसिंगखाली ठेवतात किंवा मांडीची पातळ त्वचा लावून तात्पुरती झाकतात आणि रिपोर्ट आल्यावर कायमची दुरुस्ती करतात. टाके घालून सरळ बंद होण्यासारखी जखम असेल तर हा प्रश्न उरत नाही. उघडी जखम घेऊन आठवडा काढणे कष्टाचे असते याची पूर्ण जाणीव ठेवूनही सांगावेसे वाटते की या आठवड्याची घाई करू नये.

१४. ‘लाईट’ किंवा केमोथेरपी घ्यावी लागेल का?

कडा साफ असतील तर दोन्ही लागत नाहीत. नेहमीच्या केमोथेरपीला डीएफएसपी फारसा दाद देत नाही. किरणोपचार, ज्याला बोलण्यात ‘लाईट घेणे’ म्हणतात, तो प्रामुख्याने कडेवर रोग राहिलेला असून पुन्हा कापणे शक्य नसेल तेव्हा सुचवतात. त्याची मात्रा साधारण ५० ते ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते आणि ती पाच-सहा आठवड्यांत विभागून देतात. तरुण वयात किरणोपचारांचे दूरचे परिणाम, विशेषतः त्या जागी अनेक वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याची छोटी शक्यता, लक्षात घ्यावी लागते. पुन्हा शस्त्रक्रिया करता येत असताना तिच्या ऐवजी किरणोपचारांचा सोपा मार्ग निवडू नये, असे आमचे मत आहे.

१५. रिपोर्टात ‘फायब्रोसार्कोमॅटस’ लिहिले आहे. म्हणजे आता शेवटची पायरी का?

नाही. सुमारे १० ते १५ टक्के गाठींत काही भागातील पेशी अधिक दाट, वेगाने विभागणाऱ्या आणि सीडी-३४ हरवलेल्या अशा दिसतात, त्याला हे नाव आहे. या प्रकारात रोग परतण्याची शक्यता अधिक असते आणि दूर पसरण्याचे प्रमाणही १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून छातीचा सीटी, अधिक काटेकोर शस्त्रक्रिया आणि अधिक जवळून पाठपुरावा आवश्यक असतो. पण याचाच अर्थ असाही होतो की बहुसंख्य रुग्णांत तो पसरत नाही. अशा रिपोर्टनंतर निर्णय एकट्या सर्जनने न घेता सार्कोमा पाहणाऱ्या रुग्णालयाच्या ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्व शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, व्हावा.

१६. इमॅटिनिब नावाची गोळी आहे असे वाचले. ती घेतली तर ऑपरेशन टळेल का?

ज्यांची गाठ सहज काढता येते त्यांच्यासाठी गोळी हा शस्त्रक्रियेला पर्याय नाही. गाठ काढता येत नसेल, वारंवार परतत असेल किंवा रोग दूर गेला असेल, अशा प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेत २००६ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला वाढीचा आदेश पेशी तिच्यावरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) घेते, तो ग्राहकच हे औषध बंद करते. म्हणून जनुकांचा जोड नसलेल्या गाठीवर त्याचा उपयोग होत नाही. युरोप आणि अमेरिकेतील दोन परीक्षणांच्या एकत्रित विश्लेषणात २४ पैकी ११ रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या. काही वेळा मोठी गाठ आधी औषधाने आकसवून मग काढतात, त्यामुळे एखादा महत्त्वाचा अवयव वाचू शकतो. आक्रमक प्रकारातही परिणाम दिसतो, पण तो बहुधा कमी काळ टिकतो.

मात्रा दिवसाला ४०० ते ८०० मिलिग्रॅम असते आणि गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायांत गोळे येणे, रक्तपेशी कमी होणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन शरीरातील इमॅटिनिबचे प्रमाण बरेच कमी करते, त्यामुळे टीबीची औषधे चालू असतील तर ते आवर्जून सांगावे. कोणतेही काढे किंवा चूर्णे चालू असतील तर तीही लपवू नयेत.

१७. खर्च कसा झेपेल? कुठे जावे?

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका रूपावरील पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला; हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. शस्त्रक्रियेसाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना यांची मदत मिळू शकते. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून कोणते पॅकेज लागू होते ते भरती होण्यापूर्वीच विचारावे, नंतर नव्हे.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडे व मृदू ऊतींच्या कर्करोगांसाठी वेगळा गट आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हीदेखील मोठी केंद्रे आहेत. प्रत्येकाने मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. आपल्या जवळच्या कर्करोग-सर्जनला ‘तुम्ही यापूर्वी डीएफएसपीच्या शस्त्रक्रिया केल्या आहेत का आणि कडा कशा तपासल्या जातात’ एवढे जरूर विचारावे. त्याचे सरळ उत्तर मिळाले तर तेथे उपचार घेण्यास हरकत नाही.

१८. लग्न ठरते आहे. समोरच्यांना सांगावे का? पुढे बाळंतपणात त्रास होईल का?

हा रोग संसर्गजन्य नाही, आनुवंशिक नाही, आणि शस्त्रक्रियेने प्रजननक्षमतेवर परिणाम होत नाही. सांगावे की नाही हा व्यक्तिगत निर्णय आहे. पण अंगावरचा मोठा वण आणि दर सहा महिन्यांची तपासणी लपवून संसार सुरू करणे जड जाते, असे आमचे मत आहे. सांगायचेच असेल तर डॉक्टरांच्या भेटीला दोघांनी मिळून जावे; नातेवाइकांच्या तोंडून ‘कॅन्सर’ एवढाच शब्द पोहोचण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

गरोदरपणात डीएफएसपीची वाढ वेगाने झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आधी उपचार झालेल्या स्त्रीने शक्यतो गर्भधारणेपूर्वी वणाची तपासणी करून घ्यावी आणि गरोदरपणातही तिकडे लक्ष ठेवावे. गरोदरपणातच निदान झाले तर किती थांबायचे हे गाठीच्या वेगावर आणि जागेवर ठरते. लहान गाठ स्थानिक भुलेखाली काढता येते. इमॅटिनिब मात्र गर्भासाठी घातक आहे. ते चालू असताना खात्रीची गर्भनिरोधक साधने वापरावीत, स्तनपान करू नये, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करून गर्भधारणेचा प्रयत्न करू नये.

१९. लहान मुलालाही हा होऊ शकतो का?

होऊ शकतो, अगदी जन्मतःही. तो तेव्हा लालसर-निळसर डागासारखा दिसतो आणि रक्तवाहिन्यांची जन्मखूण समजला जातो. टणक होत जाणारी, न आकसणारी जन्मखूण बालत्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. मुलांत जायंट सेल फायब्रोब्लास्टोमा नावाची गाठ आढळते, तिच्यातही जनुकांचा तोच जोड असतो आणि ती याच कुटुंबातली मानली जाते.

२०. उपचार संपले. आता किती वर्षे तपासत राहायचे?

सुरुवातीची तीन ते पाच वर्षे दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, शक्यतो कायम. बहुतेक वेळा रोग परतलाच तर पहिल्या तीन वर्षांत परततो, परंतु दहा वर्षांनंतर परतल्याचीही उदाहरणे आहेत. तपासणी म्हणजे डॉक्टरांनी वण आणि त्याची कड बोटांनी चाचपणे. नेहमीच्या प्रकारात दर वेळी स्कॅन लागत नाही. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या ओल्या बोटांनी संपूर्ण वण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः चाचपावा, कारण ओल्या त्वचेवर लहानसा दाणाही चटकन जाणवतो. पाठीवर हात पोहोचत नसेल तर घरातल्या कुणाला तरी हे शिकवावे. त्वचा लावलेल्या जागेच्या मध्यापेक्षा तिच्या कडेकडे अधिक लक्ष द्यावे.

२१. एका ठिकाणी ‘डर्मॅटोफायब्रोमा’ असा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या ठिकाणी डीएफएसपी. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. नमुना वरवरचा असेल तर या दोन गाठी सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरच सारख्या दिसतात, आणि अनेकदा पहिल्याकडे गेलेल्या तुकड्यात चरबीचा थरच नसतो. अशा वेळी तिसरा नवा रिपोर्ट मागण्याऐवजी दोन्ही ठिकाणचे ब्लॉक एकत्र करून मृदू ऊतींच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावेत, सीडी-३४ व फॅक्टर तेरा-ए एकाच ब्लॉकवर करून घ्यावेत आणि तरीही उलगडा झाला नाही तर प्रश्न १० मधील जनुकीय चाचणी करावी. निर्णय लागेपर्यंत जास्तीची शस्त्रक्रिया करू नये आणि फाइलही बंद करू नये. गाठीचा सेंटीमीटरमधील आकार आणि फोटो तारखेसह नोंदवून ठेवावा, म्हणजे ती तेवढ्या काळात वाढली का हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोजून सांगता येईल.